पत्री मारलेला संगणक

शकुंतला,

परवा कारखान्यात तुझी शोकसभा झाली. तू असतीस तर मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसून पदर तोंडाशी धरला असतास, आणि लोकांना वाटलं असतं, बाई फार हळव्या आहेत. हसते आहेस हे फक्त मला कळलं असतं. एकूण चार वक्ते होते. पहिल्यानं तुझं नाव बरोबर घेतलं, पण काम पतपेढीतल्या दुसऱ्याच शकुंतलाबाईंचं सांगितलं. दुसऱ्यानं कविता म्हटली. हीच कविता त्यानं गेल्या महिन्यात एका माजी संचालकांच्या शोकसभेतही म्हटली होती. तेव्हा तिच्यात वटवृक्ष होता, या वेळी पणती घातली. तिसरे तुमचे शेतकी साहेब. त्यांनी तुला 'या परिसरातील संगणकयुगाची शिल्पकार' म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं ते युग त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कसं अवतरलं याचं वर्णन केलं. "प्रसंगी आम्ही थेट मुंबईहून सुटे भाग मागवले," असंही ते म्हणाले. मला हसू आलं. शेजारी पाहिलं तर लोखंडी खुर्ची. एकटीनं हसू दाबणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं.

चौथी मी. 'दोन शब्द' बोलायला बोलावलं. आयुष्यभर पुस्तकांच्या कपाटांना पाठ टेकून बसलेली बाई, काहीतरी बरं बोलेल अशी सगळ्यांची अपेक्षा. मी उभी राहिले, 'ती फार चांगली होती' हे मराठीतलं सगळ्यात निरुपयोगी वाक्य बोलले आणि बसले. म्हणून आता हे लिहिते आहे. सुटे भाग कुठून आले ते तुला, मला आणि रज्जाकचाचांना माहीत आहे. चाचा सभेला नव्हते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

कारखान्याच्या कामगार कल्याण केंद्रात मला वाचनालय सांभाळायला दिलं तेव्हा तिथं तीन कपाटं, एक कॅरम बोर्ड आणि त्या बोर्डाभोवती दिवसभर चिकटलेले सहा जण होते. पुस्तकांना कुणी हात लावत नसे, त्यामुळे ती उत्तम स्थितीत होती. तू शेतकी विभागात कारकून. त्या खात्यातली एकमेव बाई. साडेबाराला डबा घेऊन माझ्याकडे यायचीस, कारण तुमच्या खात्यात जेवताना पुरुष माणसं तुझ्याकडे पाहून उगाच सभ्य व्हायची आणि त्यांचं जेवण होत नसे. डबा झाला की कपाटासमोर उभी राहायचीस आणि ज्या पुस्तकाचं वेष्टन सगळ्यात फाटकं ते उचलायचीस. म्हणायचीस, "फाटलंय म्हणजे कुणीतरी वाचलंय."

एकदा मी तुला मोठ्या कौतुकानं एक गाजलेली कादंबरी दिली. चार दिवसांनी परत आणलीस. "बाई, तीनशे पानं झाली. अजून कुणी कामावर गेलेलं नाही."

"अगं, त्या लोकांचं दुःख आतलं आहे."

"असंल. पण खातात काय?"

त्या कादंबरीवर मी पूर्वी एक लेख लिहिला होता. तुझ्या त्या प्रश्नानंतर तो मी पुन्हा वाचला नाही.

तू मला 'अहो बाई' म्हणायचीस, मी तुला 'अगं'. वयात आठ वर्षांचं अंतर आणि बाकी सगळ्यात त्याहून जास्त. मी नगरच्या गल्लीत वाढलेली, ऊस फक्त रसवंतीत पाहिलेला. तू देवळाली प्रवराच्या बाजूच्या मळ्यात वाढलेली. तुझे अण्णा संध्याकाळी गावच्या विहारात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, अग्रलेखापासून हवामानापर्यंत, मध्ये मध्ये स्वतःची मतं घालून. ऐकणाऱ्यांना छापलेलं कुठलं आणि अण्णांचं कुठलं ते कधी कळलं नाही, असं तूच सांगायचीस.

अण्णांचा एक एकर ऊस होता. सगळी गोष्ट तिथून सुरू झाली, निदान मला तसं वाटत होतं.

ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा नियम कारखान्याच्या पोटनियमांत सुंदर भाषेत छापलेला होता. ऊस लावला की शेतकऱ्यानं तारीख लिहून, सही करून चिठ्ठी द्यायची, आणि हंगामाच्या तोंडावर त्या तारखांप्रमाणे यादी लागायची. पण यादी व्हायची हातानं, रजिस्टरात. आणि त्या रजिस्टरात दोन ओळींच्या मध्ये नेहमी एका नावापुरती जागा निघायची. ज्याचे पाहुणे मोठे तो वर सरकायचा. सरकता सरकता अण्णांसारखे चैत्रात जायचे, उसाला तुरे आलेले, कांड्या वाळून काठीसारख्या झालेल्या. कोयता लावायला टोळीसुद्धा कां-कूं करायची. अण्णा कधी भांडायला आले नाहीत. एकदा फक्त माझ्यासमोर म्हणाले होते, "माजा नंबर किती हाय ते मला कुनी सांगतच न्हाई. निस्तं 'होईल, होईल' म्हंत्यात. होईल हा काय नंबर हाय का?"

कारखान्यानं संगणक घेतला तेव्हा त्यासाठी वेगळी खोली केली, निळे पडदे लावले, गार हवेचं यंत्र बसवलं आणि दारावर पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात. माझ्या वाचनालयात लोक चिखलाच्या बुटांनी येत, पण त्याला कुणाची हरकत नव्हती. त्या खोलीत तुला बसवलं, कारण तुला टायपिंग येत होतं आणि पुरुषांना तिथं चपला काढायला संकोच वाटत होता. दोन वर्षं तू चिठ्ठ्या भरत होतीस. गाव, गट नंबर, नाव, लागणीची तारीख. चिठ्ठीवर चहाचा डाग असला तर गावी निरोप पाठवून तारीख विचारून घ्यायचीस.

"यंदा यादी मशीन काढणार," तू डबा उघडत म्हणालीस. "मशीनला कुणाचा मामा माहीत नसतो, बाई."

आणि मी, मोठी चिकित्सक, सगळ्यातलं खोटं ओळखणारी, म्हणाले, "मशीनला मामा नसेल, पण चालवणारीला वडील आहेत की."

तू हसलीस. डब्याच्या झाकणातला ठेचा शेवटच्या घासानं पुसून घेतलास आणि म्हणालीस, "हां, आहेत." तो वाद तिथंच राहिला.

मग ऐन वेळी यंत्र अडलं. आतली डिस्क भरली. जुनी डिस्क विटेएवढी मोठी, पोट मात्र लहान. सगळ्या गावांच्या चिठ्ठ्या तिच्यात मावल्या, पण त्या तारखेप्रमाणे लावायला जागाच उरली नाही. पुण्याहून इंजिनिअर आला, नवी डिस्क घेऊन. ती तळहाताएवढी. तिच्यात कारखाना, गोडाऊन, दोन-चार गावं सगळं मावेल म्हणाला. जोडून पाहिली, चालली. पण बसवायची कुठं? संगणकाच्या कपाटात जो मोकळा खण होता तो जुन्या मापाचा, रुंद. नवी डिस्क त्यात ठेवली की दोन्ही बाजूंना इंचाला थोडी कमी अशी फट. त्या फटीत बसवायच्या पट्ट्या मिळतात, ब्रॅकेट म्हणतात, त्या तो विसरून आला होता.

"तशीच ठेवली तर?" तू विचारलंस.

"ताई, आत तबकडी फिरते. हलली की गेलं सगळं. आणि तुमची तर जमीनच हलतेय."

ते खरंच होतं. गाळपाच्या आधीच्या चाचण्या चालू होत्या. गव्हाणीकडे, ऊस आत टाकतात तिथं, मिल फिरली की तुझ्या टेबलावरच्या टाचण्या चालायला लागायच्या. त्यानं डिस्क चंदेरी पिशवीत परत घालून तुझ्या टेबलावर ठेवली, चार स्क्रू तुझ्या हातावर ठेवले, पट्ट्या पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाला आणि साडेचारच्या एसटीनं गेला. तो गुरुवार होता. सोमवारी संचालक मंडळापुढे यादी जायची होती.

शेतकी साहेबांना ही बातमी सांगायला तू गेलीस तेव्हा मीही काहीतरी निमित्त काढून आले होते. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता. तो उजळला, शकुंतला. माणसाला इतकं सात्त्विक समाधान झालेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. "अरेरे," ते म्हणाले. "तांत्रिक अडचण. चला, यंदा हातानंच करू. रजिस्टर काढा."

तू म्हणालीस, "सोमवार आहे ना साहेब. सोमवारी बघू."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दोन पत्र्याच्या पट्ट्यांसाठी एवढा आनंद?"

"पट्ट्या आल्या नाहीत तर रजिस्टर येतं," तू म्हणालीस. "पट्ट्या कशाच्या असतात बाई, एवढं काय त्यात?"

नंतर तू जे केलंस ते मी शोकसभेत सांगायला हवं होतं. संगणकाच्या छपाईच्या त्या लांब कागदाच्या कडेला भोकांची पट्टी असते ना, फाडून टाकतो आपण ती, ती तू घेतलीस. "एका भोकापासून दुसरं अर्ध्या इंचावर," म्हणालीस, "ह्याच्याइतकी सरळ मोजपट्टी कारखान्यात नाही." तिनं तू खण मोजलास, डिस्क मोजलीस. मग डिस्कच्या कुशीवर कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासलीस. स्क्रूची भोकं कागदावर उमटली, आपण लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तशी. वर्कशॉपमध्ये गेलो तर फोरमननं साहेबांची चिठ्ठी मागितली. ती कुठून मिळणार? साहेब रजिस्टरावर नवं वेष्टन चढवत होते.

तेव्हा तुला गेटाबाहेरच्या घणाचा आवाज ऐकू आला. मलाही आला असेल, पण मी तो रोजच ऐकत होते.

हंगामाआधी ऊसतोडीच्या बैलगाड्या येऊन उतरल्या होत्या, आणि गेटाजवळच्या लिंबाखाली रज्जाकचाचा नालबंद बसले होते. डांबरी रस्त्यावर बैलाचे खूर झिजू नयेत म्हणून त्यांना लोखंडाच्या पत्र्या मारतात, हे मला त्या दिवशी कळलं. खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, एका बैलाला आठ. आपण दोघी डिस्क टॉवेलात गुंडाळून, माझ्या डब्याच्या पिशवीत घालून गाड्यांमधून वाट काढत गेलो. चाचांपुढे एक पांढरा बैल चारी पाय बांधून आडवा पडला होता, आणि त्याचा पाथर्डीकडचा मालक डोक्याशी उकिडवा बसला होता.

"काय आनलंय बाई? डबा?" चाचांनी विचारलं.

तू एकदम ऑफिसची भाषा सोडलीस. "डबाच समजा. पर लई नाजूक हाय. ह्याला दोनी अंगानी आधार पायजे."

चाचांनी हात पुसले, डिस्क घेतली, वजन जोखलं. "मुकं हाय का?"

"चालू झालं की गुरगुरतं."

"मंग बरंय. मुकं जनावर भरवशाचं नसतं." त्यांनी ती बोटांनी मापली. "गोऱ्ह्याचं माप हाय."

गाडीवान वैतागला. "आमचा बैल पाडून ठेवलाय अन् तुमी डबे कसले मापताय?"

"तुजा बैल चार दिसांनी आज आडवा झालाय. पडू दे की त्याला," चाचा म्हणाले. "तो काय बोलतोय का?"

बैल खरंच काही बोलत नव्हता. त्याचे डोळे मिटले होते.

तू कागद पसरलास. चाचांनी तो उलटा धरला, सुलटा धरला, पेन्सिलीचे छाप पाहिले आणि कळल्यासारखं डोकं हलवलं. पट्टी पायरीसारखी दुमडायची, एक बाजू डिस्कला, एक खणाच्या भिंतीला. पत्रीसाठी कापलेलं लोखंड त्यांच्याकडे होतंच.

"दोन नग," तू म्हणालीस.

"दोन? बैलाला आठ लागत्यात. दोन मारून कुनी बैल उठवतं व्हय?"

"चाचा, ह्यो बैल न्हाई."

"नसंल. माजा हात आठाच्या आत थांबत न्हाई."

आणि नाहीच थांबला. एकसारख्या आठ पायऱ्या झाल्या. मग त्यांनी डिस्क ऐरणीवर ठेवली, पट्टी तिच्या कुशीला लावली, तोंडातला एक खिळा काढला आणि हातोडा उचलला. चाळीस वर्षांची सवय, शकुंतला. मी डोळे मिटले. त्या डिस्कच्या पावतीवर साहेबांची सही होती, आणि ती फुटली असती तर आपण दोघींनी काय उत्तर दिलं असतं ते मी मनात जुळवायला लागले होते. तुझा आवाज आला, अगदी शांत.

"चाचा, ह्याला ठोकायचं न्हाई. ह्याला आडवं केलं तर परत उठत न्हाई."

हातोडा वरच थांबला. "मंग पत्री ऱ्हाती कशानं?"

तू स्क्रू दाखवलेस. चाचांनी एक चिमटीत धरला, त्याचे आटे पाहिले आणि म्हणाले, "लई विश्वास हाय ब्वा लोकांचा."

चूक ऑफिसात आल्यावर दिसली. चाचांनी भोकं चौकोनी पाडली होती. बैलाचा खिळा चौकोनी असतो, त्यांच्याकडे छिन्नीही तसलीच. गोल स्क्रू त्या चौकोनात खुळखुळायला लागला. मी हताश झाले. मी तर पहिल्यापासूनच हताश होते, ते मला सोपं जातं. तू परत गेटावर गेलीस आणि येताना बैलाच्या गळपट्ट्याचं एक जुनं कातडं घेऊन आलीस. माझ्या कात्रीनं त्याच्या टिकल्या कापल्यास, मधे दाभणानं भोक. प्रत्येक स्क्रूखाली एक टिकली. डिस्कच्या बाजूला इंजिनिअरचे चार स्क्रू, खणाच्या बाजूला इलेक्ट्रिक खात्यातून मागून आणलेले चार बारीक नट-बोल्ट. भोकं चौकोनी असल्यामुळे डिस्क हवी तशी पुढेमागे सरकवता आली आणि खणात अगदी सरळ बसली. माझी ती कात्री आजही बोथट आहे. तुला त्याबद्दल मी बोलले होते. ते मागे घेते.

मी म्हटलं, "दोनच स्क्रू लाव प्रत्येक बाजूला, पुरे."

"भोकं चार आहेत बाई."

"अगं, पण धरलंय की घट्ट."

"ज्यानं चार पाडली त्याला दोन पाडता आली नसती का?" चारही लावलेस. हा वाद आपण पुढे तीन वर्षं चालवला, खुर्च्यांबद्दल, कपाटांबद्दल, तुझ्या चष्म्याबद्दल. त्याचा निकाल लागला नाही. मला अजूनही वाटतं, दोन पुरतात.

शनिवारी दुपारी मिलची चाचणी चालू असताना तू बटण दाबलंस. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला होतास. पाण्यावर वर्तुळं उठत होती, टाचण्या चालत होत्या, आणि आत ती डिस्क कातड्यावर बसून निवांत गुरगुरत होती. आपण दोघी कपाटाला कान लावून बसलो होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि काही न विचारता परत गेला. तुला इतकी आनंदात मी तुझ्या मुलीच्या बारशालाही पाहिली नव्हती.

चाचांनी अट घातली होती, चालू झालं की दाखवायचं. तू त्यांना घेऊन आलीस. दाराशी शिपायानं पाटीकडे बोट दाखवलं. चाचांनी वहाणा काढल्या, खोलीत येऊन वाकून कपाटात पाहिलं, आपल्या पट्ट्या ओळखल्या, आणि म्हणाले, "मानसांच्या वाना भाईर, अन् ह्यो आत पत्र्या मारून बसलाय. मोठा मानूस दिसतोय."

आपण इतक्या हसलो की शिपायानं दार लावून घेतलं. पुढे प्रत्येक पाहुणा त्या खोलीत मोज्यांनी यायचा, अदबीनं हात मागे बांधून उभा राहायचा, आणि आपण एकमेकींकडे पाहायचं टाळायचो.

सोमवारी सगळं यथासांग झालं. साहेबांनी शनिवारीच हवा ओळखली होती आणि रविवारी ते संगणकाचे जुने पुरस्कर्ते झाले होते. संगणकाच्या पडद्याला झेंडूचा हार. नारळ आणला होता आणि तो कपाटाच्याच कोपऱ्यावर फोडायचा असं कुणीतरी सुचवलं. तू पूजेत नसायचीस, बाजूला उभी होतीस, पण नारळ उचलला गेला तशी वर्तमानपत्र घेऊन पुढे झालीस आणि कपाटावर अंथरत म्हणालीस, "साहेब, उंबऱ्यावर शोभेल." उंबऱ्यावर फुटला. मग एका ज्येष्ठ संचालकांनी बोटानं एक कळ दाबली, चुकीची. टाळ्या झाल्या. टाळ्यांच्या आवाजात तू बरोबर कळ दाबलीस.

यादी छापायला दोन तास लागले. ते यंत्र किरकिरत होतं आणि कागदाची घडी जमिनीवर वाढत होती. पहिल्या पानावर नेहमीची नावं नव्हती. एका संचालकांनी चष्मा लावून पानं उलटली, अकराव्या पानावर थांबले आणि म्हणाले, "हे मशीन चुकलंय."

तू उठून त्यांची लागणीची चिठ्ठी आणलीस आणि पुढे ठेवलीस. "तारीख चुकली असेल तर दुरुस्त करते साहेब. सही तुमचीच आहे ना?"

संचालकांनी सही निरखली. त्यांनी चष्मा काढला. यादी मंजूर झाली.

पुढच्या महिन्यात इंजिनिअरच्या खऱ्या पट्ट्या आल्या, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यानं कपाट उघडलं, आत पाहिलं, बोटानं डिस्क हलवून पाहिली. हलली नाही. त्यानं कपाट बंद केलं आणि त्या पट्ट्या तुला भेट देऊन गेला. दोन हजार साल लागताच जगातले सगळे संगणक बंद पडणार, असं आता पेपरात येतंय. साहेबांनी त्यासाठी समिती नेमली आहे. तुझा बंद पडेल असं मला वाटत नाही. मागच्या आठवड्यात जाऊन कान लावून आले.

नगरच्या दवाखान्यात तुला भेटायला आले होते ते हे सगळं बोलायला नव्हे. मला एकच गोष्ट सांगायची होती. पाठ करून आले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, आणि मी स्टूल ओढलं तशी म्हणालीस, "बाई, इथं नंबर कोण लावतं ते बघा जरा. माझ्या आधी आलेली आजी अजून बाहेरच बसली आहे." मी चौकशीला गेले. नर्सशी वाद घातला, आजीला आत पाठवलं, परत आले तर तुला झोप लागली होती. म्हटलं, पुढच्या वेळी.

म्हणून आता. यादी फळ्यावर लागली तो मंगळवार. सकाळपासून गर्दी, माणसं पानांवर बोटं फिरवत होती. अण्णा आले, सायकल लावली, आपल्याला पाहून हात केला. मी मनात तयारीत होते. पहिली पाच-सहा पानं, फार तर दहा. तुझ्याकडे मुद्दाम पाहिलं, आता बघू या असं. अण्णांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. बोट एकेका नावावरून खाली. दुसरं पान, पाचवं, दहावं. लोक येऊन, पाहून, निघून जात होते. अण्णा विसाव्या पानावर होते. मी तुझ्याकडे पुन्हा पाहिलं, तू हाताची घडी घालून उभी होतीस. शेवटून दुसऱ्या पानावर, तळाला, त्यांचं बोट थांबलं.

बेणं उशिरा मिळालं होतं, मोटर जळली होती, त्या खेपेला अण्णांची लागण जवळजवळ सगळ्यांच्या मागून झाली होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"चिठ्ठी मीच भरली ना, बाई."

अण्णा आपल्याकडे आले. मला वाटलं, बिचारे. पण त्यांचा चेहरा असा होता, जणू मुलगी पास झाल्याचा निकाल पाहून आलेत. तळहातावर पेनानं आकडा लिहून आणला होता, तो त्यांनी आधी तुला दाखवला, मग मला. "ह्यो बगा. शेवटाला हाय, पर माजा हाय. आता कुनी 'होईल' म्हनायचं न्हाई." मग कँटीनकडे पाहून तीन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा, माझ्यासाठी, ते त्यांच्या लक्षात होतं.

तो चहा मी प्यायले. तुम्ही दोघं तोडीला कुठली टोळी येईल ते बोलत होतात. मला एक वाक्य म्हणायचं होतं आणि कप रिकामा होईपर्यंत मी ते म्हणाले नाही. पुढे तीन वर्षं रोज साडेबाराला समोरासमोर बसलो, तरी नाही.

माझं चुकलं होतं, शकुंतला. तुझ्या त्या सगळ्या खटपटीत अण्णांच्या उसाचं एक कांडंसुद्धा नव्हतं.